नाही म्हणायला शिकलेलं दुकान

“गुलाची ढेप हाय काय रं, बाला?”

२०२५ चा जुलै, दिव्यांच्या अवसेला चार-पाच दिवस उरलेले. मी चिपळूणला माहेरी गेले होते आणि सकाळी भावाच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारच्या स्टुलावर चहा घेत बसले होते. पाऊस कोसळत नव्हता, नुसता लागून राहिला होता. समोरच्या पन्हळीचं पाणी एका सुरात फरशीवर पडत होतं, डबक्यातून जाताना रिक्षांची चाकं फस्स आवाज करत होती. दुकानात ओलं गोणपाट, हिंग आणि उदबत्ती यांचा मिळून होतो तो वास. आजींनी पायरीवर उभं राहून डोक्यावरची प्लास्टिकची खोळ झटकली आणि ढेप मागितली. पाच किलोची, दरवर्षीसारखी. भाऊ म्हणाला, “आजी, ढेप नाही. अर्ध्या किलोच्या वड्या आहेत, त्या देऊ? ढेप नारळी पौर्णिमेनंतर येईल.” आजींनी फळ्यांवरून नजर फिरवली. खालचे दोन कप्पे रिकामे होते, पुसून लख्ख ठेवलेले. “तुझ्या बापाच्या वक्ताला असा कदी झाला नाय,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. ओळखीच्या अंगणातलं जुनं झाड तोडलेलं दिसावं आणि तोंडातून सहज निघून जावं, तसं त्या बोलल्या. मग पाव किलो चहा घेतला, खोळ चढवली आणि पावसात निघून गेल्या. काउंटर कोरडा होता, तरी भाऊ त्यावरून बराच वेळ फडका फिरवत राहिला.

मी पुण्याला परत आले, पण ते वाक्य माझ्याबरोबर आलं.

बाबा गिऱ्हाइकाला “नाही” म्हणत नसत. वस्तू संपलेली असली तर “आहे, बसा” म्हणायचे, पोऱ्याला मागच्या दाराने शेजारच्या दुकानात पिटाळायचे आणि तिथून आणलेली वस्तू त्याच भावाने पिशवीत घालायचे. त्यात एक पैसा सुटत नसे. पण नाही ऐकलेला माणूस पुढच्या वेळी दुसऱ्याची पायरी चढतो, हे त्यांचं ठाम मत. त्यामुळे आमचं दुकान कायम भरलेलं असायचं. मे संपता संपता आगोटीचा, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा, माल यायचा तेव्हा तर पोत्यांची थप्पी छताला टेकायची आणि दोन थप्प्यांमधल्या फटीत मी आणि भाऊ लपाछपी खेळायचो. तांदळाच्या उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला की आत विहिरीसारखा गारवा लागायचा. गुळाच्या ढेपेवर बसलेले मुंगळे बाबा फुंकरीने उडवायचे, मारायचे नाहीत. भरलेलं दुकान हीच पत होती. वाशीच्या बाजारातला ठोक व्यापारी महिन्या-दीड महिन्याच्या उधारीवर टेम्पो भरून द्यायचा, तो या पतीवर.

आणि ही पत दाखवायचा महिना नेमका जुलै. कोकणातल्या दुकानदाराचं वर्ष गणपतीच्या पंधरा दिवसांत उभं राहतं. मुंबईहून चाकरमानी येतात, बंद घरं उघडतात, दोन माणसांच्या चुलीवर वीस माणसांचं शिजू लागतं. त्यासाठी माल भरायचा तो आषाढात, कारण सण जवळ आला की वाशीत भाव चढतात, आणि श्रावणात कुंभार्ली घाटात दरड आली की घाटावरचा माल अडकून पडतो. शहाणा दुकानदार जुलैच्या मध्यापर्यंत दुकान तुडुंब भरून मोकळा होतो. आमची वाशिष्ठी नदीही त्याच सुमाराला भरते. बाजारपेठेत थोडंफार पाणी यायचंच, त्याला आम्ही पूर म्हणत नसू, “पाणी भरलं” म्हणायचो. दुपारी भरायचं, रात्री ओहोटीला उतरायचं. खालची पोती फळीवर घेतली की काम झालं.

२६ जुलै २००५ ला ते काम झालं नाही. मुंबईच्या ९४४ मिलिमीटरची आठवण सगळ्यांना आहे, चिपळूणची तेव्हा फारशी कुणाला नव्हती. आमच्या दुकानात सहा फुटांवर पाणी होतं. ते उतरल्यावर बाबांनी मधल्या खांबावर, जिथपर्यंत चिखलाची रेघ उमटली होती तिथे, एक चार इंची खिळा ठोकला. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी हळूहळू सगळं दुकान त्या खिळ्याच्या हिशेबाने बांधून घेतलं. लाकडी मांडण्या काढून कडाप्पा बसवला. विजेचा मीटर आणि बटणं वर नेली. खिळ्याच्या वर वीतभर जागा सोडून दणकट माळा घातला आणि त्याला लोखंडी शिडी लावली. इथपासून वर सुरक्षित, असं सगळ्यांना सांगायचे. नवा नोकर आला की आधी खिळा दाखवला जायचा, मग वजनकाटा. त्यांनी चुकीचं काय केलं, असं मला कुणी विचारलं तर आजही बोट ठेवता येणार नाही. सोसलेल्या अनुभवातून ते शिकले, पदरचे पैसे घातले, सोळा वर्षं निष्ठेने तो नियम पाळला.

२०२१ ला पाणी खिळ्याच्या अडीच फूट वर गेलं.

२१ जुलैला बकरी ईद झाली. त्या रात्री पाऊस ज्या आवाजात पडत होता तो आवाज बाबांना आवडला नव्हता, असं आई सांगते. मध्यरात्री बाबा आणि भाऊ दुकानात गेले आणि दोन-अडीच तास माल माळ्यावर चढवत राहिले. टाळेबंदीतून बाजार नुकता कुठे सुटला होता. दीड वर्षाची भूक काढायला या गणपतीला नेहमीपेक्षा जास्त माल भरला होता. पहाटे पाणी पायरीला लागलं तेव्हा माळा भरलेला होता, मनासारखा. दोघं शटर ओढून समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर गेले. २२ तारखेला दिवसभर त्यांनी तिथल्या खिडकीतून आमच्या दुकानाची पाटी पाहिली, आधी पाटीच्या खाली पाणी, मग अर्धी पाटी, मग पाटी दिसेना. एसटीच्या आगारात नऊ लाखांची रोकड सांभाळत अधिकारी नऊ तास बसच्या टपावर बसून होते, ती बातमी नंतर देशभर गेली. त्या दिवशी अख्ख्या बाजारपेठेचं तेच चाललं होतं, जो तो आपला गल्ला छातीशी धरून वर वर सरकत होता. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस, वीज निर्माण करून कोळकेवाडीतून सुटणारं कोयनेचं पाणी, गाळाने उथळ झालेलं वाशिष्ठीचं पात्र आणि दोन दिवसांवर आलेली गुरुपौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. दाभोळकडून समुद्र वर ढकलत होता आणि घाटाकडून नदी खाली. मधे आमचं गाव. कुणाचा वाटा किती, यावर चिपळुणात अजून भांडणं होतात. महाबळेश्वरला त्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, या आकड्याबद्दल मात्र वाद नाही.

मी चौथ्या दिवशी पोचले. किराणा दुकानात पाणी शिरल्यावर काय होतं ते सांगायला हवं, कारण टीव्हीवर वास दिसत नाही. साखर नाहीशी होते, रिकामं पोतं तेवढं मागे राहतं. मीठ तसंच. तांदूळ फुगतो, पोत्याची शिवण उसवतो आणि तिसऱ्या दिवशी आंबायला लागतो. तो वास आधी दारूसारखा असतो, मग मेलेल्या जनावरासारखा. तेलाचे डबे तरंगतात आणि छताला आपटून चेपतात. तिखट, हळद, रॉकेल, फिनेल, गटार, सगळं एकमेकांत मिसळून त्याचा एक तवंग भिंतीवर चढतो. नदीचा गाळ हाताला लोण्यासारखा मऊ लागतो आणि वाळला की सिमेंट. आम्ही सात दिवस फावड्याने आमचं दुकान रस्त्यावर काढत होतो. समोर कापडवाल्याचे पैठणी नि शालूंचे चिखलाचे गोळे, पलीकडे औषधांच्या दुकानातल्या विरघळलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, १८६४ पासूनचं आमचं ग्रंथालय, २००५ ला भिजलं होतं, तेही पुन्हा भिजलं. लहानपणी मी जिथून पुस्तकं आणायची तिथली पानं लगदा होऊन रस्त्यावर आली होती. बाबा कुणाशी बोलत नव्हते. पाचव्या दिवशी ते खांबाजवळ गेले, खिळा हाताने चाचपला आणि म्हणाले, “हा इथेच होता ना? कुणी खाली तर नाही ना सरकवला?”

त्यानंतर विम्याचा माणूस आला. विमा होता आठ लाखांच्या मालाचा, वर्षातल्या साधारण दिवसाचा अंदाज बांधून घेतलेला. त्या दिवशी दुकानात माल होता सोळा लाखांचा. अशा वेळी विम्याचं गणित सरळ आणि निर्दय असतं. तुम्ही निम्म्याचाच विमा काढलात, म्हणजे उरलेल्या निम्म्याची जोखीम तुमची तुम्ही घेतलीत. तेव्हा नुकसानही निम्मंच मिळणार. तेसुद्धा कागद दाखवले तर. स्टॉक रजिस्टर होतं, पण ते गल्ल्याखालच्या खणात होतं आणि आता त्याची वीट झाली होती. बाबांनी ती वीट उन्हात वाळवून एकेक पान सुटं करायचा प्रयत्न केला. निळी शाई सगळ्या पानांवर सारखी पसरली होती. पैसे आले आठ महिन्यांनी, अपेक्षेपेक्षा खूप कमी. सरकारने दुकानदारांना पन्नास हजारांपर्यंत मदत जाहीर केली, ती मिळाली. वाशीच्या व्यापाऱ्याने तगादा लावला नाही, हे त्याचे उपकार. त्याची उधारी फेडायला बाबांनी गावाकडची आंब्याची बाग विकली. पुढच्या वर्षी ते गेले. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं आहे.

दुकान भावाच्या हातात आलं तेव्हा मी त्याला म्हटलं, नवा खिळा ठोक, वरचा. मला ते बाबांचं स्मरण म्हणूनही हवं होतं. तो नको म्हणाला. “ताई, खूण केली की आपण तिथपर्यंतच मोजतो. पुढचं पाणी कुठपर्यंत येणार हे मागच्या पाण्याला काय माहीत?” मला तेव्हा वाईट वाटलं. नंतर कधीतरी वाचलं की पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला होता: १९५० ते २०१५ या काळात देशाच्या मध्य पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना लागणारी वाफ अरबी समुद्रावरून येते. हवा एका अंशाने तापली की ती साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवू शकते. म्हणजे बाबांचा खिळा एका जगात ठोकलेला होता आणि पाणी दुसऱ्या जगातून आलं. भावाने यातलं काही वाचलेलं नव्हतं. तो दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बुडणारी पाटी बघून त्याच ठिकाणी पोचला होता.

मग हलत का नाही तिथून, असं पुण्यातले लोक मला विचारतात. चांगल्या मनाने विचारतात. पण आमचा बाजार तिथे आहे तो नदीमुळेच. गोवळकोटच्या बंदरात गलबतं लागायची, समुद्रावरचा माल खाडीतून वर यायचा आणि बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली चढून घाटावर जायचा. घाटावरचा उतरून तिथेच यायचा. पाणी जिथपर्यंत माल आणून सोडायचं तिथे दुकानं झाली. बंदर गेलं, पेठ राहिली. तिथल्या गिऱ्हाइकाची पावलं तीन-चार पिढ्यांची आहेत, आठवडाभराचा बाजार करून एसटी धरणाऱ्या बाईला तिथेच चपला दुरुस्त करून हव्या असतात आणि तिथेच औषध. एकट्या किराणावाल्याने उठून डोंगराच्या कुशीत जायचं तर गिऱ्हाईक त्याच्यामागे चढून जाणार नाही. २०२१ नंतर पूररेषांचा प्रश्न तापला. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत नवं बांधकाम नाही. कागदावर मला ते पटतं. बाजारपेठेत उभी राहिले की त्या दोन रेषांच्या आत माझ्या ओळखीची सगळी माणसं उभी असतात. डिसेंबर २०२१ मध्ये गावाने नदीतला गाळ काढावा म्हणून साखळी उपोषण केलं, नंतर नाम फाउंडेशनची यंत्रंही वाशिष्ठीच्या आणि शिव नदीच्या पात्रात उतरली. भाऊ त्या उपोषणाला बसला होता. गाळ काढल्याने फरक पडला असं तो मानतो. तरी माल वर घ्यायचं थांबवत नाही.

मोठ्या सभांमध्ये याला हवामान बदलाशी अनुकूलन म्हणतात. आमच्या बाजारात त्याचं नाव “वर घेणं” आहे. जुलैत दोन दुकानदार भेटले की नमस्काराच्या जागी विचारतात, “वर घेतलंस?”

भावाने काय केलं ते मी दोन दिवस दुकानात बसून नीट पाहिलं. त्याने दुकान उंच करण्याऐवजी हलकं केलं. पन्नास किलोची पोती बंद, पंचवीस-तीस किलोचे कट्टे, कारण पन्नासाला दोन माणसं लागतात आणि रात्री अडीच वाजता दुसरं माणूस नसतं. सुटा माल मुठी असलेल्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये. छताला लोखंडी तुळई, तिला साखळीची कप्पी. एकटा माणूस अर्ध्या तासात पंधरा कट्टे माळ्यावर नेतो. फ्रीजला चाकं. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत तळाचे दोन कप्पे रिकामे. बिलं आणि शिल्लक मालाचे फोटो रोज रात्री शटर ओढण्याआधी फोनवरून पुण्याला माझ्याकडे येतात. माझ्या फोनमध्ये लग्नकार्यांपेक्षा डाळींचे फोटो जास्त आहेत. विमा आता लहान उद्योगांसाठीच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीचा आहे. २०२१ च्या एप्रिलपासून ती सुरू झाली होती, आम्हाला कुणी सांगितली नव्हती. तिच्यात पुराचं नुकसान धरलेलं असतं आणि विम्याची रक्कम मालापेक्षा पंधरा टक्क्यांपर्यंत कमी असली तरी भरपाई कापत नाहीत. भाऊ रक्कम ठरवतो ती गणपतीच्या मालावरून, वर्षभराचा हप्ता जास्त पडला तरी. एवढं एक जरी बाबांना वेळेवर कळतं तर बाग राहिली असती, हा विचार मी करायचा नाही असं ठरवलं आहे आणि करते.

सगळ्यात मोठा बदल डोळ्यांना दिसत नाही, तो कॅलेंडरमध्ये आहे. गणपतीचा माल आता आषाढात भरत नाहीत. नारळी पौर्णिमेनंतर भरतात. २०२३ साली श्रावण अधिक आला आणि चतुर्थी १९ सप्टेंबरपर्यंत लांबली, तेव्हा भावाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. २०२५ ला नारळी पौर्णिमा ९ ऑगस्टला आणि गणपती २७ ला. मधे अठरा दिवस. त्या अठरा दिवसांत वाशीचा भाव चढलेला, टेम्पोवाल्यांना सगळीकडून बोलावणी, घाटाचा भरवसा नाही. हा उशिराचा माल महाग पडतो. ज्या चार दुकानदारांनी मिळून डोंगराच्या बाजूला एक गाळा गोदाम म्हणून भाड्याने घेतला आहे त्यात भाऊ आहे, आणि ज्याच्याशी बाबांचं वीस वर्षं दराच्या पाटीवरून भांडण होतं तोही आहे. एकाच गाळ्यात खडूने चार चौकोन आखले आहेत. एकाकडची तूरडाळ संपली की दुसऱ्याच्या चौकोनातून उचलायची आणि भिंतीवरच्या वहीत लिहायचं. बाबा मागच्या दाराने पोऱ्याला पाठवायचे त्याचंच हे मोठं रूप आहे असं मला वाटलं. पण तिथून माल खाली आणायचा तर दर खेपेला टेम्पोचं भाडं, हमालांची मजुरी.

हमालांबद्दल मला जास्त लिहायचं होतं, कारण या सगळ्या युक्त्या शेवटी कुणाच्या तरी पाठीवरून वर जातात. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट आणि मोठी भरती एका दिवशी आली की संध्याकाळी पाचपासून माल वर, असा भावाचा नियम आहे. त्या पावसाळ्यात मी गेले तोपर्यंत सहा वेळा माल वर गेला होता आणि सहा वेळा दुसऱ्या दिवशी खाली आला होता. पाणी एकदाही आलं नव्हतं. सातव्या वेळी कंटाळा येतो. शेजारचा दुकानदार म्हणतो, नगरपालिकेचा भोंगा वाजला की बघू. भाऊ थांबत नाही, हमालाला दर खेपेचे पैसे देतो, न आलेल्या पाण्याचे. हमाल पन्नाशीच्या पुढचे आहेत, बाबांच्या वेळचे. त्यांना मी विचारलं, काका, दमायला होत नाही का? ते म्हणाले, “पोरी, त्या साली दोन महिने काम नव्हतं. दुकानच नव्हती, तर उचलू काय?” कप्पी आल्यापासून पाठीला आराम आहे म्हणाले. आणि मग, थोडं थांबून, कप्पी आल्यापासून दोन माणसांचं काम एकाला होतं, दुसरा आता कामासाठी लोटे एमआयडीसीत जातो, असंही म्हणाले.

आमच्या पायरीशेजारी एक बाई फुलं आणि केळीची पानं विकायला बसतात. २०२१ ला त्यांची टपरी वाहून गेली, ती कुठे गेली ते कळलंही नाही. टपरीवाल्यांना सरकारने दिले ते दहा हजारांपर्यंत. त्यांना माळा नाही, विमा नाही, गोदामात चौकोन नाही. नवी टपरी त्यांनी चाकांची करून घेतली आहे, म्हणजे एका जुन्या हातगाडीवर पत्रा मारला आहे. इशारा आला की मुलगा ती ढकलत चढावर नेतो आणि एका झाडाला साखळीने बांधतो. चोरीची भीती असते म्हणून तोही रात्रभर तिथेच झोपतो, पत्र्याखाली. भावाने त्यांना गोदामात जागा देऊ केली. बाकीचे तिघे तयार झाले नाहीत, फुलांच्या ओलीने डाळीला बुरशी येते म्हणून. तेही खोटं नाही. या गोष्टीचं काय करायचं ते मला कळलेलं नाही, आणि भावालाही नाही. त्यावरून तो गोदामात दोन महिने कुणाशी धड बोलत नव्हता.

पुण्यात परतल्यावर मी अनेकदा त्या रिकाम्या कप्प्यांचा विचार केला. दुकान तगावं म्हणून ते रिकामे आहेत. आपल्या डोळ्यांना मात्र रिकामी फळी म्हणजे बुडालेलं दुकान. बाबांनी आयुष्यभर त्या भरण्यासाठी जिवाचं रान केलं आणि मुलगा त्या रिकाम्या ठेवण्यासाठी तेवढेच कष्ट करतो. आजींच्या बोलण्यात बोच होती ती इथे. भाऊ चूक करत नाहीये हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरीही त्याने “नाही” म्हटलं तेव्हा बाबांच्या तसबिरीकडे बघायचं मी टाळलं होतं.

ऑगस्टच्या मध्यावर एका संध्याकाळी भावाचा फोन आला. रोजचे फोटो पाठवून झाले होते, त्यामुळे मला जरा काळजी वाटली. म्हणाला, “ताई, त्या आजी आल्या होत्या. ढेपवाल्या.”

“दिलीस ना?”

“दिली. बाजूला काढून ठेवली होती त्यांच्यासाठी. बोटाने खरवडून चव बघितली, चांगला आहे म्हणाल्या.” मग थांबला. मागे पाऊस ऐकू येत होता, आणि साखळीचा आवाज. “किलोमागे सहा रुपये जास्त पडले. उशिरा भरलेला माल, वर गोदामातून खाली आणायचं भाडं. मी सांगितलं तसं. पाच किलोचे तीस रुपये गं. मला सोडता आले असते.”

“सोडलेस?”

“नाही. एकाला सोडले की… नाही सोडले. त्या काही बोलल्या नाहीत. कमरेच्या पदराची गाठ सोडली, मोजून दिले, गाठ परत बांधली.”

मी काय बोलावं ते सुचेना. तोही फोन ठेवेना. पलीकडून हमालकाकांनी विचारलं, “शेठ, वर घेऊ काय?” आणि भाऊ फोन तसाच कानाशी धरून त्यांना म्हणाला, “थांबा जरा, भरती किती वाजता आहे बघतो.”